खणातले बारा फोन

वहिनींनी खणाची मूठ धरून ओढली. खण हलला नाही. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा टेबलच वीतभर पुढे आलं आणि नणंदेचा चहा तिच्याच हजेरीपटावर सांडला.

"किल्ली मागितली असती तर दिली असती," नणंद म्हणाली.

"मग मागते."

"आता नाही देत."

दोघी एकाच कंपनीत होत्या; नणंद, स्वतः नर्स, तिच्या एका केंद्राची प्रमुख. घरोघरी नर्स पाठवणारी कंपनी. कोणाला इंजेक्शन, कोणाची मलमपट्टी. प्रत्येक नर्सच्या हातात कंपनीचा फोन, आणि कोणाकडे जायचं, काय टोचायचं, किती, ते सगळं त्यातल्या अॅपमध्ये. त्या अॅपची नवी आवृत्ती चारशे फोनांवर चढवायची, हे वहिनींचं काम. आधी बारा फोनांवर पंधरा दिवस चालवून बघायची. तक्रार आली नाही तर सगळ्यांना द्यायची.

ते बारा फोन कोणाचे, हे वहिनी ठरवत. सासूबाईंच्या बांगड्यांवरून वाजल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ते नणंदेच्या केंद्राचेच असत. कच्चं काय ते आधी वन्संच्या पदरात. दोघी एकदा एकाच बैठकीला बसल्या तेव्हा बाटल्यांतल्या पाण्याचा बर्फ झाला होता, असं तिथला शिपाई अजून शपथेवर सांगतो.

पहिली दोन वर्षं नणंदेच्या तक्रारींनी वहिनींची मेलची पेटी भरून वाहायची. मग वर्षभर एकही नाही. वहिनींना वाटलं, मोडली एकदाची खोड. आज सकाळी त्यांनी पहिल्यांदाच त्या बारा फोनांच्या बॅटरीचा रकाना पाहिला. बाराच्या बारा, शंभर टक्के. कालही शंभर. परवाही. पायपीट करणाऱ्या नर्सच्या फोनची बॅटरी कधी भरलेली असते का? त्यांनी रिक्षा केली आणि थेट इथे आल्या.

नणंदेने पर्समधून किल्ली काढली, खण उघडला आणि बाजूला झाली. आत बारा फोन सशाच्या पिल्लांसारखे एकमेकांना चिकटून होते, प्रत्येकाच्या शेपटीला चार्जर.

"मग मुलींच्या हातात काय आहे?"

"जुने फोन. तुमच्या यादीत ते भंगारात गेलेत."

"म्हणजे वर्षभर चाचणी..."

"खणाने केली. खणाची काही तक्रार नाही."

"नोकरी जाईल तुमची, वन्सं."

"जाऊ दे. राग माझ्यावर होता ना, मग माझ्यावर काढायचा. सुई मुलींच्या हातात असते आणि दंड तिसऱ्याच माणसाचा."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा. बरोबर बाराला नवी आवृत्ती आपोआप चारशे फोनांवर जाणार होती. नर्स 'भेट झाली' हे बटण दाबायला विसरतात, म्हणून आता ते अॅपच दाबणार होतं: नर्स पेशंटच्या इमारतीशी पोचली आणि तिची रेंज गेली, म्हणजे ती घरात आहे, काम झालं. दोनदा पुढे ढकललेली आवृत्ती. तिसऱ्यांदा ढकललीत तर तुमची खुर्चीपण ढकलीन, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते.

त्यांनी एका फोनची वायर उपटली.

"आता इंजेक्शन कोणाचं आहे?"

"शुगरवाल्या आजोबांचं. साडेअकराला. चार इमारती सोडून, सातवा मजला."

"चला."

"तुमच्याबरोबर?"

"मला टोचता येत नाही."

त्या इमारतीची लिफ्ट अशी, की आत शिरलेला माणूस वर पोचेपर्यंत निवृत्तीला यायचा. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. दार बंद झालं तशी रेंज गेली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने विश्रांती घेतली.

"बांगड्या मी घेतल्या नव्हत्या," नणंद दाराकडे बघत म्हणाली.

"मी विचारलं का?"

सातव्या मजल्यावर नणंदेने बेल दाबली.

आजोबांनी दार उघडायला वेळ लावला. शर्टाच्या बाहीचं बटण लावलेलं होतं.

"आता काय राहिलं?"

"इंजेक्शन, आजोबा," नणंद म्हणाली.

"झालं की." त्यांनी खिशातला फोन काढून लांब धरला. पडद्यावर होतं: 'आजची आपली भेट पूर्ण झाली. काळजी घ्या.' त्यातलं 'काळजी घ्या' वहिनींनी हट्टाने घालायला लावलं होतं.

"कोण येऊन गेलं?"

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग फोनकडे. "आलं असेल कोणी. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली, म्हणून तर मुलीने हा घेऊन दिलाय. यात येतं ते बरोबर असतं." त्यांनी दंड चोळला. "दुखतंय पण जरा. जोरात टोचली बहुतेक."

नणंदेने वहिनींकडे पाहिलं नाही. इंजेक्शनांच्या पिशवीची चेनही तिने उघडली नाही, पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"खोटं आहे ते, आजोबा," वहिनी म्हणाल्या. "मीच लिहिलंय."

"बाही वर करा," नणंद म्हणाली आणि आजोबांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

वहिनींनी दारातूनच साहेबांना फोन लावला. बारा मिनिटं उरली होती. साहेबांचा आवाज सुईत औषध भरणाऱ्या नणंदेलाही ऐकू जात होता, बहुधा खालच्या मजल्यालाही. शेवटी ते म्हणाले, थांबवतो, पण संध्याकाळपर्यंत कारण लेखी पाहिजे, नावासकट.

"माझं नाव घाला," नणंद म्हणाली. "खण माझा आहे."

"यादी माझी आहे."

"म्हणून काय झालं? तीन वर्षं पहिलं नाव माझंच घालत होतात की."

टेबलावर कापसाची गुंडाळी होती. वहिनींनी बोळा तोडून पुढे धरला. नणंदेने सुई काढली, तो हात बाजूला सारला आणि आपल्या पिशवीतला कापूस घेतला.