बोरीच्या काठीवरचे डोंगर

अंगठ्याखाली एक खाच आली, मग दुसरी, मग लाकडाचा गुळगुळीत तुकडा... म्हाळसाबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली होती. पावसानं फुगलेल्या दाराला रंधा मारून झाला होता आणि फकिरा सुतार करवत पुसत उभा होता.

"आजी, बुडातून कापू का शेंड्यातून?"

"सांग की आई, त्याला पुढं जायचंय," मुलगा अजिनाथ म्हणाला. "म्हणलं व्हतं, दुकानातली घेऊ. हलकी, खाली रबर."

"ती धरली की मी आजारी दिसते."

"आन् ही धरली की?"

"धनगरीण."

फकिरा हसला. अजिनाथ हसला नाही.

दुखऱ्या गुडघ्यासाठी कमरेइतकी काठी हवी होती, आणि तिच्या वडिलांची, अप्पांची ही काठी तिच्या डोक्याच्याही वर जात होती. शेंडा कापावा तर त्यांच्या मुठीनं झिजलेली जागा जाणार. बूड कापावं तर निम्मे डोंगर. मेंढरांमागं फिरताना लेक नव्या डोंगरावर चढली, की अप्पा माथ्यावर बसून चाकूनं एक खाच पाडायचे. पोर लहान, म्हणून सुरुवात बुडापासून. तू वाढशील तशा त्या वर सरकतील, म्हणायचे. लग्नापर्यंत खाचा तिच्या छातीला लागल्या. मग गारखेड्यातलं हे घर, आणि काठी कपाटामागं...

बूडच कापावं, तिनं ठरवत आणलं. तशीही सगळ्यात खालची खाच खोटी. त्या दिवशी ती चढलीच नव्हती — अंगात ताप होता, अप्पांनी खांद्यावर घेतलं होतं, आणि तरी वर पोचल्यावर त्यांनी चाकू काढला. ह्यो माझा नाय, म्हणून ती रडली. तुझाच, तू व्हतीस ना वर, ते म्हणाले. पण पुढं आयुष्यभर ती दुसऱ्या खाचेपासूनच मोजत आली. नवरा गेला, मुलं वाढवली... कुणाच्या खांद्यावर म्हणून बसले नाही मी.

पण बाकीचे माथे आठवायला जावं, तर काय येतं? आपलीच पावलं, निसटणारा मुरूम, मागं राहिलेलं एखादं कोकरू. वरून दिसलं काय होतं? ते आठवतं फक्त त्या एका डोंगरावरून — खुलताबादच्या अंगाला उतरणारं ऊन, खाली ज्वारी सांडावी तशी मेंढरं, अप्पांच्या मुंडाशाचा घामट वास, आणि माझ्या वाटची त्यांची धाप. त्या एकदाच मी बघायला मोकळी होते.

"आजी?"

"थांब रे जरा."

काठी न कापताच बाजूला ठेवून ती उठू लागली. अजिनाथनं सवयीनं हात पुढं केला, आणि सवयीनंच तो मागं घेणार होता, तेवढ्यात तिनं मनगट पकडलं. भार टाकला. आधी थोडा, मग सगळाच — आणि त्याचा श्वास किंचित जड झालेला ऐकत, पायांकडं न बघता, ती उभी राहिली.