रॉयल पाम बे आणि आर्चीचा चहा

शहरं माणसं वसवत नाहीत, दूरदृष्टी वसवते, यावर नेव्हिल क्रॉफ्टची अढळ श्रद्धा होती. दूरदृष्टी त्याच्याकडे गाडाभर होती. जमीन मात्र ओहोटीलाच दिसायची.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरल्या मुंगारा खाडीचं 'रॉयल पाम बे' असं बारसं त्यानेच केलेलं. नदीपलीकडच्या वाळूत त्याने खुंट्या ठोकल्या, झेंडे लावले. पामची झाडं तूर्त जाहिरातीतच होती. आज चार प्लॉट खपले नाहीत तर भागीदार अंग काढून घेणार होता, आणि नेव्हिलला पुन्हा सासऱ्याच्या मटणाच्या दुकानात सॉसेज भरत बसावं लागणार होतं.

भरती-ओहोटीचं गणित त्याने चोख मांडलं होतं. ब्रिस्बेनहून गिऱ्हाइकं आणणाऱ्या बसवाल्याला वाटेत थांबून मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खायची हुक्की येईल, हे गणितात नव्हतं. बस नदीकाठी पोचली तेव्हा फेरीबोटवाल्या आर्ची टुलीने नुकतीच किटली चढवली होती.

“आर्ची, हाक बोट!”

“चहा,” आर्ची म्हणाला.

“अरे, पलीकडे पाणी चढतंय!”

“चढू दे की. पाण्याला युनियन नाही, मला आहे. वीस मिनिटं.”

नेव्हिलने काठावर येरझाऱ्या घातल्या, टाय सैल केला, पुन्हा आवळला. पलीकडे वाळूचा पट्टा नवऱ्याच्या पगारासारखा आटत चालला होता. शेवटी त्याचा तोल गेला.

“आळशी गाढवा! तुझ्या एका कपापायी अख्खं शहर बुडतंय!”

आर्चीने कप खाली ठेवला आणि शांतपणे घड्याळ पाहिलं. “चहाची सुट्टी अखंड हवी, मित्रा. नियम आहे. तू मोडलीस. आता परत पहिल्यापासून वीस मिनिटं.”

नेव्हिलने आशेने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. पण पुरुष सगळे रेल्वेतले किंवा गोदीतले, पक्के युनियनवाले.

“त्याचं बरोबर आहे,” एक जण म्हणाला. “चहाच्या वेळी साहेबाने तोंड उघडायचं नसतं.”

“आम्हालाही ओत रे आर्ची!” दुसरा ओरडला.

सगळ्यांचा चहा झाल्यावर बोट सुटली. पलीकडे पाण्यावर नुसते झेंडे फडफडत होते.

“प्लॉट कुठायत हो?” गिऱ्हाइकांतल्या मिसेस पिनॉकनी विचारलं.

“तुम्ही त्यांच्याकडेच बघताय, बाई.”

“तुम्ही समुद्राकाठी म्हणाला होतात.”

“काठ जरा सरकलाय.”

“सरकलाय? अहो, पळून गेलाय तो!”

बोटीवर हशा पिकला. नेव्हिलने संध्याकाळी पाणी उतरेल म्हणून सांगून पाहिलं, किंमत निम्म्यावर आणली, मग हप्ते देऊ केले. बायका परतीची बस किती वाजता सुटते ते विचारू लागल्या. एक निवृत्त गोदी कामगार मात्र, बस फुकट म्हणून, गळ घेऊनच आला होता. त्याने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो चौदा नंबरच्या प्लॉटवर उतरला.

मासा दोन पौंडांचा निघाला.