नानासाहेबांचा होकार

सुलोचनाबाईंनी सदऱ्याच्या बाहीत आधी नानासाहेबांचा उजवा हात घातला. लुळा हात आधी, चांगला मागून, हे आता त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं. त्यांनी गुंड्या लावल्या, हनुवटी पुसली, विरळ केसांवरून कंगवा फिरवला. खाली रिक्षा थांबली तशा त्या खिडकीशी गेल्या. दशरथ रिक्षावाल्याला पैसे देत होता. त्याच्यामागे जितेंद्र हातात पिशवी घेऊन सिल्व्हर पार्कच्या एकसारख्या इमारतींकडे मान वर करून बघत होता.

"आली हो तुमच्या संघाची माणसं," त्या म्हणाल्या.

"हो," नानासाहेब म्हणाले.

उन्हाळ्यात झटका आला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नाशिकच्या दवाखान्यातून सुटल्यावर मुलाने, गणेशने, दोघांना मीरा रोडला आपल्या फ्लॅटवर आणलं. हळूहळू नानासाहेब उशीला टेकून बसू लागले. शब्द मात्र एकच परत आला. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, पाय दुखला तरी हो. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, पण तोंडातून तेवढंच निघतं. पुढे सुधारेल न सुधारेल, सांगता येत नाही.

हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सुलोचनाबाईंनी कळू दिलं नव्हतं. शेजारच्या हंसाबेन ढोकळा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "अंकल, आज अच्छा लगता है?" नानासाहेब हो म्हणायचे. "खाएंगे ना?" पुन्हा हो. आणि तिसरा प्रश्न यायच्या आत सुलोचनाबाई मधे पडायच्या, "आज उनका पोट बराबर नहीं है, हंसाबेन, शाम को खाएंगे." गावाकडून येणाऱ्यांशीही हेच. पाहुणे जिना उतरताना एकमेकांना सांगायचे, नाना बोलायला लागले की.

दशरथ आत आला आणि सरळ कॉटपाशी जाऊन पाया पडला. नानासाहेब द्राक्षवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष, तो उपाध्यक्ष. त्याच्या पहिल्या बागेचे खांब नानासाहेबांनी उभे राहून पुरून घेतले होते. जितेंद्र नवा चिटणीस, शेतकी कॉलेजात शिकलेला. त्याने पिशवीतून बेदाण्यांचं पाकीट काढून सुलोचनाबाईंच्या हातात दिलं.

"काकू, आपल्याच शेडमधले. या वर्षी हिरवा रंग चांगला राहिलाय."

"तब्येत सुधारली नाना," दशरथ म्हणाला. "गावात सगळे विचारतात. येणार ना परत?"

"हो."

दशरथचा चेहरा उजळला. सुलोचनाबाई चहा टाकायला आत गेल्या. ओट्यापासून बाहेरची खोली दोन पावलांवर होती, सगळं ऐकू येत होतं. दशरथ पावसाचं बोलला, मग ऑक्टोबरच्या छाटणीचं, मग थोडा थांबला. थांबला त्यावरून त्यांना कळलं की आता कामाचं येतंय.

संघाचं नाव लांबलचक होतं. पिंपळदरा परिसर द्राक्ष बागायतदार व वाइन उत्पादक संघ. पाटी रंगवणाऱ्याने एकदा 'वाइन उत्पादक' गाळून पाटी केली तर नानासाहेबांनी ती परत पाठवली होती. त्याला कारण होतं. एका वर्षी तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली. मणी तडकले, व्यापारी बांधापर्यंत येऊन परत गेले. तेव्हा हरिश्चंद्र नावाच्या माणसाने, जो गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये वाइन करायचा आणि ज्याच्याकडे कुणी पाणीसुद्धा पीत नव्हतं, त्याने दारोदार फिरून तो तडकलेला माल उचलला. पुढच्या सभेत नानासाहेबांनी त्याला आणि त्याच्यासारख्या पाच-सहा जणांना संघात घेतलं. दारूवाले कशाला, म्हणून आरडाओरडा झाला. नानासाहेब म्हणाले, "वेल एकच आहे. कुणी तिचं फळ विकतं, कुणी वाळवतं, कुणी आंबवतं. संघ वेलीचा आहे." हे वाक्य सुलोचनाबाईंनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. सभेला बायका जात नसत.

"शीतगृहाचं प्रकरण अडलंय, नाना," दशरथ बाहेर सांगत होता. "वाइनवाले संघात असले तर शेतीच्या योजनेत बसत नाही म्हणतात. माल बोटीवर चढवायचा तर शीतगृह पाहिजेच. पोरांनी नव्या बागा लावल्यात, ती थांबायची किती?"

"त्यांनी त्यांचा वेगळा संघ काढावा," जितेंद्र म्हणाला. "आपण मदत करू की. पण हरिश्चंद्रकाका ऐकायलाच तयार नाहीत."

"तो म्हणतो, नाना म्हणाले तर मी उठून जातो, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही." दशरथचा आवाज खाली आला. "म्हणून आलो, नाना. मला बरं वाटत नाहीये हे विचारताना. पण तुमचा होकार असला तर सभेत भांडण होणार नाही. आहे का होकार?"

"हो," नानासाहेब म्हणाले.

चहा उतू गेला. सुलोचनाबाईंनी गॅस बंद केला, पण गाळणं हातात तसंच राहिलं.

"मग मी सभेत तसं सांगतो," जितेंद्र म्हणाला. "अध्यक्षांना विचारलं, अध्यक्ष हो म्हणाले."

"हो. हो! हो!"

सुलोचनाबाई बाहेर आल्या. नानासाहेबांचा चेहरा लाल झाला होता, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ सदऱ्यावर उतरत होती. जितेंद्र कौतुकाने हसत होता. "आवाजातला जोर अजून तोच आहे, काकू." दशरथने डोळे पुसले. ओझं उतरल्यासारखा तो खुर्चीत मागे टेकला होता.

त्या गप्प राहिल्या असत्या तर दोघं चहा पिऊन, पाया पडून गेले असते. गावात सांगितलं असतं, नाना बोलले, नानांनी निर्णय दिला. सगळ्यांनी मान डोलावली असती.

"दशरथभाऊ, तसं नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसरा शब्द येत नाही."

"म्हणजे?"

"हो शिवाय काही येत नाही. काहीही विचारलं तरी हेच."

"काय वहिनी! आत्ता तर आमच्याशी—" दशरथने जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्रने खाली पाहिलं. त्याला वाटलं असावं, बाईला हरिश्चंद्राने आधीच काहीतरी सांगून ठेवलंय. "एवढं स्पष्ट बोलले ते," दशरथ म्हणाला.

सुलोचनाबाई कॉटजवळ गेल्या. पदराने त्यांनी नानासाहेबांचं तोंड पुसलं. मग सरळ उभ्या राहून, मुलाला धडा विचारावा तशा आवाजात त्यांनी विचारलं,

"अहो, तुमचं नाव दशरथ का?"

नानासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की दशरथ खुर्चीतून अर्धवट उठला. तोंड मिटून ठेवायची ते धडपड करत होते, ते गालावरून दिसत होतं. शेवटी शब्द निसटलाच.

"हो."

मग जितेंद्र सुलोचनाबाईंकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, त्यांना समजतं का, आपण बोलतो ते?"

"समजतं," त्या म्हणाल्या. "सगळं समजतं."

चहा दोघांनी घेतला. पण आता जे विचारायचं ते सुलोचनाबाईंना विचारत होते. झोप लागते का त्यांना, जेवण किती जातं, डॉक्टर पुढचं काय म्हणतात. निघताना दशरथ पुन्हा पाया पडला, पण चेहऱ्याकडे न बघता. दारात चपला घालताना म्हणाला, "वहिनी, मग अध्यक्ष दुसरा निवडावा लागेल. असं कसं चालवणार?"

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून नानासाहेबांनी तो एक शब्दही सोडला. घास पुढे केला तर तोंड उघडायचे, नाहीतर भिंतीकडे बघत राहायचे. हंसाबेन आल्या आणि थोडा वेळ बसून गेल्या. गणेशच्या बायकोने, स्वप्नालीने, ऑफिसातून आल्यावर विचारलं, "आई, बाबा एकदम गप्प का झालेत?" सुलोचनाबाई म्हणाल्या, "थकलेत." अंग पुसताना त्या पूर्वी त्यांच्याशी गावातलं काहीबाही बोलायच्या. आता नुसतं पाणी पिळल्याचा आवाज यायचा.

दसरा झाल्यावर हरिश्चंद्र आला. एकटाच, कळवल्याशिवाय. धोतर-टोपीतला उंच, वाळलेला माणूस. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "भाईंदरला उतरलो वहिनी, चुकून. मागं यावं लागलं." पाया वगैरे न पडता त्याने खुर्ची ओढून कॉटला टेकवली आणि नानासाहेबांसमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"सभा झाली, नाना," तो म्हणाला. "दशरथ अध्यक्ष झाला. आम्हांला काढलं."

नानासाहेब भिंतीकडे बघत होते.

"पण तुमचं नाव कुणी घेतलं नाही. मी उठून विचारलं, नाना काय म्हणतात? दशरथ म्हणाला, नानांना आता विचारता येत नाही. हे मी माझ्या जबाबदारीवर करतोय, शिव्या द्यायच्या तर मला द्या, म्हणाला. मग काय बोलणार? उठलो आम्ही. बाहेर जाऊन बसलो. नंतर त्यानंच चहा पाठवला."

नानासाहेबांनी मान वळवली. हरिश्चंद्र बोलतच राहिला. नव्या पाटीचं, शेडमधल्या फुटलेल्या टाकीचं, छाटणीला मजूर मिळत नाहीत त्याचं. बोलता बोलता तो एकदम पुढे वाकला.

"मुलगा म्हणतो, कोर्टात जाऊ. संघाच्या घटनेत आपलं नाव आहे, असं काढता येत नाही. जाऊ का, नाना?"

"हो," नानासाहेब म्हणाले. इतक्या दिवसांनी आवाज खरखरीत झाला होता.

"नको? बरं. नाही जात."

सुलोचनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात होत्या. "हरिभाऊ, ते हो म्हणाले."

"तोंडानं म्हणाले. हात बघा की वहिनी."

चादरीवर नानासाहेबांचा डावा हात पालथा होता आणि तळवा अगदी थोडा, सावकाश, इकडून तिकडे फिरत होता. चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तसा.

"सभेत कुणी भडकून उठला की टेबलावर असाच हात फिरवायचे," हरिश्चंद्र म्हणाला. "बस खाली, नको, असं. तोंडानं कधी नाही म्हणालेच नाहीत कुणाला. तुम्ही सभेला नव्हता येत, तुम्हांला कसं माहीत असणार."

नानासाहेबांचे डोळे भरून आले होते. हरिश्चंद्राने ते पाहिलं नसल्यासारखं केलं आणि मजुरांचं पुढे सांगू लागला.

तो जेवून गेला. गणेश आणि स्वप्नाली यायला अवकाश होता. सुलोचनाबाईंनी भांडी तशीच ठेवली, हात पुसले आणि त्याच खुर्चीवर येऊन बसल्या. खुर्ची अजून कॉटला टेकलेली होती. महिनोन् महिने त्यांनी हा हात धुतला होता, त्याची नखं कापली होती, त्याला तेल लावलं होतं. काही विचारून मग त्या हाताकडे पाहिलं, असं एकदाही झालं नव्हतं. उत्तर त्याच द्यायच्या.

"अहो," त्या म्हणाल्या. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला. "त्या दिवशी मी तुम्हांला त्या दोघांसमोर तसं विचारलं. तुम्हांला लागलं ना ते?"

नानासाहेबांनी ओठ मिटून घेतले. सुलोचनाबाई हाताकडे बघत राहिल्या. खाली पाण्याचा टँकर आला, बादल्यांचा गलका झाला आणि ओसरला. हात चादरीवर तसाच होता. नाही म्हणायला तो हलला नाही, आणि त्याही उठल्या नाहीत.