राखलेला कोपरा

नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, भात पिकून वाकलेलं आणि संध्याकाळी पावसाचा अंदाज. अशा वेळी सासऱ्यांनी अंगणातल्या खाटेवरून निकाल दिला, "आजच्या आज भात घरात आलं आणि बियाणं वेगळं राहिलं, तर शेत तू कर. नाहीतर माझ्या पुतण्याला कसायला देतो." हा पुतण्या म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. सकाळपासून कुंपणाला टेकून हसत उभा होता. मी म्हटलं, "घोडामैदान जवळच आहे, आबा."

मदतीला बाजारातल्या वाचनालयाची मंडळी आली होती. दरवर्षी कुणातरी अडलेल्याच्या शेतात ती राबतात. पहिला तासभर त्यांनी विळ्यापेक्षा एकमेकांचाच जास्त धसका घेतला. पण नंतर हात बसला. त्यांच्यातला बस कंडक्टर "पुढे सरका, मध्ये जागा आहे" म्हणत सगळी ओळ हाकत होता. दुपारी निम्मं शेत मोकळं झालं, तेव्हा भात आज घरात येणार अशी मला खात्रीच पटली.

बांधालगतचा कोपरा तेवढा बियाण्याचा. त्यातल्या भरदार लोंब्या सासरे दरवर्षी स्वतः निवडतात, कुणाला हात लावू देत नाहीत. आमच्या घरात बियाणं निवडतो तो शेतकरी, बाकीचे सगळे राबणारे. मी मंडळींतल्या न्हाव्याला बजावलं, "भाऊ, एवढा कोपरा राखा."

"अगदी नीट राखतो, वहिनी," तो म्हणाला. मी निर्धास्त होऊन भारे वाहायला गेले.

शेवटचा भारा घरात टाकून परत आले, तर कोपरा उभा होता, पण एकाही ताटाला लोंबी नव्हती. सगळी ताटं एका उंचीवर छाटलेली, कडा सरळ, मागची बाजू मानेवरच्या केसांसारखी उतरती. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तीसुद्धा सासऱ्यांच्या नावावरची.

"हे काय केलंत?"

"राखला की. गिऱ्हाईक म्हणतं मिशी राखा, तेव्हा आम्ही मिशी ठेवतो आणि टोकं सारखी करतो. इथली टोकं फारच वाकली होती."

"भाऊ, भात त्या टोकांनाच येतं."

त्याचा चेहरा पडला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. तेवढ्यात काठी टेकत सासरे आले, मागोमाग पुतण्या. "झालं बियाण्याचं वाटोळं," पुतण्या म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"टोकं कुठे टाकलीत?" मी न्हाव्याला विचारलं.

"टाकीन कशी? दुकानातली चादर आणली होती, ती आधी खाली अंथरली. कापलेलं जमिनीवर पडलं की मला चैन पडत नाही." बांधाआडून त्याने पांढरं गाठोडं आणलं.

सासऱ्यांनी गाठ सोडली. आत नुसत्या लोंब्या, ना माती ना दुसरं भात. त्यांनी दोन दाणे चोळून पाहिले.

"भात घरात आहे, बियाणं वेगळं आहे," मी म्हटलं. "आता शब्द फिरवायचा नाही, आबा."

ते काठी टेकत त्या कोपऱ्याभोवती फिरले. मग न्हाव्याला म्हणाले, "मानेजवळ जरा जास्त उतरवलंय." कंडक्टर आधी हसला, मग सगळेच. पुतण्या तेवढा हसायचा थांबला.

गाठोडं आम्ही ओसरीवर नेलं. बाहेर पाऊस सुरू झाला. सासऱ्यांनी चादर माझ्यापुढे पसरली आणि म्हणाले, "निवड." मी बसले. एक ढीग बियाण्याला ठेवायच्या लोंब्यांचा, एक खायच्या लोंब्यांचा. थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही. त्यांनी एक लांब लोंबी उचलून माझ्या ठेवायच्या ढिगात सरकवली.

मी ती बोटांनी चाचपली आणि दुसऱ्या ढिगात टाकली. "ही नको. बुडाकडचे दाणे पोकळ आहेत."

त्यांनी हात मागे घेतला आणि सरकून मला उजेड करून दिला.