आधी-नंतर आणि साठ खुर्च्या

मित्रांनो, ज्याला कधी कुणी डोळ्यांनी पाहिले नाही अशा एका जुन्या प्लगिनची ही हकिकत आहे, आणि तो प्लगिन म्हणजे मी. माझे नाव 'आधी-नंतर'. तुम्ही वेब पान उघडता, चित्रे पाहता, खूश होता. पण ती चित्रे जागच्या जागी धरून ठेवणारे आमच्यासारखे गडी मागे राबत असतात, ते तुमच्या ध्यानीमनीही नसतात. याबद्दल माझी तक्रार नाही. थोडीशी आहे, पण ती पुढे सांगेन.

हल्ली वेब पान बांधायला फार मोठी विद्या लागत नाही. एडिटर नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यात मजकूर, चित्र, बटण असे ठोकळे एका बाजूला मांडून ठेवलेले असतात. हवा तो ठोकळा उचलायचा आणि पानावर नेऊन सोडायचा, की झाले पान तयार. एडिटरला जे जमत नाही ते आम्ही प्लगिन करतो. कुणी नकाशा दाखवतो, कुणी फॉर्म भरून घेतो. मला मात्र एकच काम येते. एकाच वस्तूचे दोन फोटो मी एकावर एक बसवतो आणि उजव्या टोकाला एक उभी रेघ ठेवतो. ती रेघ बोटाने डावीकडे ओढत नेली की वरच्या फोटोखालून दुसरा फोटो हळूहळू उघडतो. एवढीच माझी करामत, पण ती मी मन लावून करतो.

मला एका प्रोग्रॅमर ताईने घडवले. तिचा भाऊ रंगारी होता आणि त्याला आपण रंगवलेल्या भिंती लोकांना दाखवायच्या होत्या. जेवणाच्या टेबलावर ताट बाजूला सारून तिने दोन रविवारांत मला लिहून काढले. भावाने रेघ इकडून तिकडे ओढून पाहिली आणि बहिणीची पाठ थोपटली. मग तिने मला सगळ्यांसाठी खुले ठेवले. ज्याला हवा त्याने घ्यावा. माझ्याबरोबर तिने एक नोंदवहीही ठेवली. माझ्यात काही बदल केला की ती त्यात एक ओळ लिही. 'रेघ जाड केली.' 'मोबाईलवर बोट अडकत होते, ते सोडवले.' अशा त्या कोरड्या ओळी असत, पण मला त्या प्रिय होत्या.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. दंतवैद्यांनी मला दात दाखवायला नेले, माळ्यांनी बागा दाखवायला नेले. मी हजारो पानांवर पोचलो. पण मित्रांनो, चालणाऱ्या वस्तूची आठवण कुणाला राहत नाही. पुढे ताईकडे फक्त तक्रारी येऊ लागल्या. 'चालत नाही.' 'हे काय बनवलंय?' ती प्रत्येकाला शांतपणे उत्तर देई. मग तिला मुलगी झाली, नोकरी बदलली आणि तिचे माझ्याकडे येणे थांबले. नोंदवहीतल्या शेवटच्या ओळीला चार वर्षे झाली. मला पोरके वाटू लागले होते, हे मी लपवत नाही.

माझ्या प्रती पुष्कळ, पण जीव जडला तो एका पानावर. ते पान वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका मावशींचे होते. त्यांची भाची डोळ्यांच्या दवाखान्यात कारकून होती, तिने ते बांधून दिले होते. मावशींच्या कामाच्या खोलीत भिजत घातलेल्या वेताची बादली, लाकडी खुंट्यांचा डबा आणि कोपऱ्यात भाचीचा जुना लॅपटॉप, अशी आमची बैठक असे. फोटो मात्र मावशी स्वतः लावत. पहिल्याच दिवशी त्यांनी दुरुस्त खुर्चीचा फोटो वर ठेवला आणि मोडकीचा खाली. भाची म्हणाली की मावशी, उलटे झाले.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "आलेल्या माणसाला आधी बसायला धड खुर्ची द्यावी. मोडकी काय, मागाहून दाखवता येते."

तेव्हापासून त्या पानावर मी 'नंतर-आधी' झालो, आणि मला ते आवडले.

ते पान बांधल्याला तीन वर्षे झाली तेव्हा एक मोठे काम समोर आले. गावच्या वाचनालयात साठ खुर्च्या होत्या. त्या मावशींच्या वडिलांनी विणल्या होत्या. आता त्यांची वीण झिजून भोके पडली होती. खुर्च्या पुन्हा विणून घ्यायच्या की भंगारात काढून प्लॅस्टिकच्या आणायच्या, हे वाचनालयाची समिती गुरुवारी अकरा वाजता ठरवणार होती. मावशींनी नमुना म्हणून एक खुर्ची विणून दिली होती. तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो ग्रंथपालांनी कागदावर शेजारी शेजारी छापून सदस्यांना दाखवले, तर सदस्य म्हणाले की ही दुसरीच, नवी कोरी खुर्ची आहे. म्हणून ग्रंथपालांनी ठरवले की सभेत मावशींचे पान मोठ्या पडद्यावर उघडायचे आणि रेघ ओढून दाखवायची. त्या खुर्चीच्या पुढच्या पायावर शाईचा डाग होता. रेघ कितीही सरकवा, डाग तिथेच राही. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर होती.

आणि नेमक्या मंगळवारी सकाळी मी घात केला.

झाले असे की एडिटरची नवी आवृत्ती आली होती. भाचीने दवाखान्यात जाण्यापूर्वी घाईघाईने 'अपडेट' दाबले आणि मावशींचे पान पांढरेफटक पडले. पानाची जुनी प्रत काढून ठेवायला ती विसरली होती. तिचा चेहरा उतरला. तिने आम्हा सगळ्या प्लगिनांना बंद केले आणि मग एकेकाला उठवून पाहू लागली. नकाशावाला सुटला. फॉर्मवाला सुटला. माझी पाळी आली आणि पान पुन्हा पांढरे झाले. मला मान असती तर मी खाली घातली असती. खरे तर मी जराही बदललो नव्हतो. एडिटरमधली एक जुनी सोय मी वापरत होतो आणि नव्या आवृत्तीत ती काढून टाकली होती. पण दोष द्यायला मीच समोर होतो.

भाचीने दोन नवे चकचकीत प्लगिन बसवून पाहिले. एकाने फोटो असा ताणला की खुर्चीचे बाकडे झाले. दुसरा उघडलाच नाही. शेवटी वैतागून तिने माझ्या नावासमोरच्या 'काढून टाका' या बटणावर बाण नेला. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही.

मावशी हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. "थांब जरा. याची चौकट मोडलीय, की नुसती वीण सुटलीय?"

"ते मला कसं कळणार, मावशी?"

"मग ज्यानं विणलंय त्याला विचार ना."

भाचीने सांगितले की ती बाई चार वर्षे कुणालाच उत्तर देत नाही. मावशींनी चष्मा लावला आणि लोकांनी ताईला लिहिलेल्या तक्रारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या.

"एवढ्या जणांनी फुकट वापरलं," त्या म्हणाल्या, "आणि चार वर्षांत एकानं बरं चाललंय म्हणून कळवलं नाही. मी तरी कुठं कळवलं?"

मग त्या सांगत गेल्या आणि भाची टाईप करत गेली. 'ताई, तुमची रेघ मी तीन वर्षं वापरतेय. तिच्यामुळे लोकांना पटतं की खुर्ची तीच आहे. आज ती थांबली. तुमचा दोष नाही, तिच्या भोवतालचं घर बदललं. गुरुवारी अकराला माझ्या वडिलांनी विणलेल्या साठ खुर्च्यांचं काय ते ठरणार आहे. जमलं तर बघा. नाही जमलं तरी आभार. ते आधीच मानायचे राहून गेले.' सोबत शाईच्या डागाचा फोटो जोडला.

बुधवार तसाच गेला. मावशी विणत होत्या, पण चारदा चुकीच्या भोकातून वेत ओवला. त्या असे कधी करत नसत.

गुरुवारी सकाळी साडेआठला माझ्या नावाशेजारी तांबडा ठिपका उमटला. ताईने माझ्या सात ओळी बदलून नवी आवृत्ती पाठवली होती. सोबत दोनच वाक्ये होती: पत्र मुलीला भरवताना वाचले, आणि कामाला उशीर झाला तरी चालेल असे ठरवले. या वेळी भाचीने आधी पानाची प्रत काढून ठेवली, मगच बटण दाबले. पान उघडले. दुरुस्त खुर्ची दिमाखात वर उभी होती.

सभेत अध्यक्षांनी माझी रेघ स्वतःच्या बोटाने पाच वेळा इकडून तिकडे ओढली. सहाव्यांदा ओढून म्हणाले, "डाग हलत नाही. खुर्ची तीच आहे." साठही खुर्च्या मावशींकडे आल्या. आता त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि भाचीचा लॅपटॉप खिडकीत बसतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. अपडेट करण्याआधी प्रत काढून ठेवत जा. आणि एखादी वस्तू मुकाट्याने तुमचे काम करत असेल, तर ती बंद पडण्याची वाट न पाहता घडवणाऱ्याला दोन शब्द कळवा. माझी थोडीशी तक्रार होती ती हीच.

माझ्या नोंदवहीत आता एकोणतीस ओळी आहेत. अठ्ठावीस ओळींत काय बिघडले आणि काय सुधारले ते आहे. एकोणतिसावी ओळ अशी आहे: 'नव्या एडिटरशी जुळवून घेतले. खुर्च्या विणणाऱ्या मावशींनी आभार मानले, म्हणून.'