जमिनीपासून चार बोटं वर

मी एक जुना पडदा आहे. जाडाभरडा, निळा, नगर कार्यालयातल्या देणगीच्या खोलीचा. मित्रांनो, पडद्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणून हसू नका. मला सांगण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं सांगताना वाईट वाटतं.

माझ्या जन्माआधी निवडणूक आली की पुलाचा कंत्राटदार थैली घेऊन उजळ माथ्याने नगराध्यक्षांच्या घरी जायचा. मग पुलाचं काम त्यालाच मिळायचं, आणि तो पूल पहिल्याच पुरात वाहून जायचा. लोक विटले. शेवटी नियम झाला की देणगी द्यायची ती याच खोलीत, एकट्याने, बिननावाच्या पाकिटातून. आत दोन पेट्या ठेवल्या. उजवी नगराध्यक्षांची, डावी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंची. दाराशी मी. मला शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, "जमिनीला टेकला तरच हा पडदा, नाहीतर नुसतं फडकं!"

काय दिवस होते ते! आत कोण गेलं ते सगळ्यांना दिसायचं, पाकीट पडल्याचा आवाजही यायचा; पण कुठल्या पेटीत पडलं ते कुणाच्या बापालाही कळायचं नाही. कंत्राटदार बाहेर येऊन छातीवर हात ठेवायचा, "साहेब, सगळं तुमच्याच पेटीत!" त्याच्या मागचाही तेच म्हणायचा. आणि पेटी उघडावी तर तळाशी चार पाकिटं! बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. नगराध्यक्षांचा कुणावरच विश्वास उरला नाही. फुकट कोण कुणावर मेहेरबानी करतो? पुढचा पूल चांगलं काम करणाऱ्याला मिळाला, आणि तो टिकला. लोक मला हात लावून कौतुक करायचे. मी फुगून जायचो.

खालच्या मजल्यावर चष्मेवाल्या काकांचं दुकान होतं. गाळा कार्यालयाचा, भाड्याचा. त्यांच्या मुलीला बाईंनी पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं. काका दर निवडणुकीला यायचे, डाव्या पेटीत पाकीट टाकायचे आणि हलक्या पावलांनी जिना उतरायचे.

मग एकदा मला धुवायला दिलं. धोब्याने उकळत्या पाण्यात घातलं आणि मी आटलो. परत टांगलं तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होतो. हेडक्लार्कनी पाहिलं आणि ते म्हणाले, "चार बोटांनी काय आभाळ कोसळतंय? पायांना कुठे चेहरा असतो!"

चेहरा हवा होता कुणाला? पायांची बोटं कुठल्या पेटीकडे वळलीत, एवढंच तर लपवायचं होतं! नगराध्यक्षांचा पुतण्या समोरच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधू लागला. दिवसभर त्याची नाडी काही बांधून होईना.

कंत्राटदार उजव्या पेटीसमोर ऐटीत पाय रोवून उभा राहिला आणि पाकिटामागून पाकीट टाकत गेला. काका नेहमीप्रमाणे डावीकडे वळले. नगराध्यक्ष पुन्हा निवडून आले. नव्या पुलाचं काम कंत्राटदाराला मिळालं. पुतण्या जिन्यात काकांना गाठून गोड आवाजात म्हणाला, "काका, त्या दिवशी डावीकडे बरेच रमलात! गाळ्याची मुदत पुढच्या निवडणुकीपर्यंतच आहे ना?"

काका कठड्याला धरून जिना उतरले. मला बोलायला तोंड नव्हतं. खाली पुरायला अंगात आणखी वीतभर कापड असतं तर मी स्वतःला ओढून ताणून जमिनीला टेकवलं असतं.

पुढच्या निवडणुकीला काका आले. सवयीने डावीकडे वळले, थबकले. मग पाय न उचलता, फरशीवर घासत घासत उजवीकडे सरकले. पाकीट आत पडलं. तोल सावरायला त्यांनी मला धरलं. बाहेर बाकावरचा पुतण्या उठून त्यांना नमस्कार करत म्हणाला, "या काका!"

दुकान वाचलं. पण काका त्यानंतर बाईंच्या घरावरून जाईनासे झाले. लांबच्या रस्त्याने जातात म्हणे.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यातलं कुणीतरी त्या हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा नियमाच्या कागदावर सही करून थांबू नका. उठा, खोलीपर्यंत चालत जा आणि पडद्याखाली वाकून बघा. तुम्ही नाही वाकलात, तर बाकावर बसलेला कुणीतरी वाकेलच.