खुंटीमागचं पाकीट

मी एक जुनं लोढणं आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. काम ऐका आणि मग खुशाल मुरडा. हातभर लांबीचा, मनगटाहून जाड असा मी एक ओंडका. वरच्या टोकाला भोक, भोकातून दोरी. ती दोरी गाईच्या गळ्यात बांधतात आणि मी तिच्या पुढच्या पायांसमोर लोंबकळत राहतो. गाय हळू चालली तर मी नुसता डुलतो. ती धावायला लागली, की मी तिच्या नडग्यांवर आदळतो. दोन-चार दिवस असा मार बसला, की ती धावायचा नादच सोडते. या कामात मी कधी चुकलो नाही.

जन्माने मी असा नव्हतो. मी एका हातगाडीचा दांडा होतो. भाजीवाला मला दोन्ही हातांनी धरून गल्लीगल्लीतून गाडी ढकलायचा. त्याच्या तळव्यांनी मी गुळगुळीत झालो होतो. पुढे गाडी मोडली आणि मी सुताराच्या दुकानात एका कोपऱ्यात येऊन पडलो. तिथे एक दिवस दूधवाला तणतणत आला. त्याची उंडगी नावाची गाय दोन दिवसांआड शेजारच्या माळ्याच्या कोबीत शिरायची आणि माळी दारात येऊन शिव्या घालायचा. सुताराने मला करवतीने कापलं, भोक पाडलं आणि म्हणाला, "घे! आता पळू दे तिला कुठे पळते ती." दोघं खो खो हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

महिन्याभरात उंडगी सुतासारखी सरळ आली. दूधवाला येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवायचा. माझी स्तुती झाली ती एवढीच, आणि तीसुद्धा एका मुक्या जनावराच्या सोललेल्या नडग्यांमुळे.

दूधवाल्याच्या घरात त्याची बायको होती, चौथीत शिकणारी मुलगी होती आणि नवऱ्याने टाकलेली धाकटी बहीण होती. मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. पहाटे उठून शेण काढणं, धारा काढणं, किटल्या घेऊन घरोघर दूध घालणं, सगळं आत्याकडे. सकाळी दूधवाला मला उंडगीच्या गळ्यात बांधायचा. संध्याकाळी मला सोडायची मात्र आत्या. गोठ्यात खुंट्याला बांधलेल्या गाईला लोढणं कशाला हवं? पण ते दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही. ती मला भिंतीवरच्या खुंटीला टांगायची, उंडगीच्या नडग्यांना तेल लावायची आणि विचारायची, "फार लागलं का गं?"

एकदा माळी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "बहीण अजून इथंच का तुझी?"

दूधवाला म्हणाला, "काय करता? गळ्यातलं लोढणं आहे. ओढवतही नाही आणि टाकवतही नाही."

माझं नाव माणसाला लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी आत्याकडे पाहिलं. ती उंडगीच्या पोटाशी बसून दुसरी बादली भरत होती. तिने ऐकलं होतं. धार एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

आत्याने गुपचूप एक अर्ज केला होता. दुसऱ्या गावात मुलींचं वसतिगृह होतं, तिथे स्वयंपाकाला बाई हवी होती. जेवण आणि राहायला खोली मिळणार होती. ती उंडगीला सांगायची, "खोलीला खिडकी आहे म्हणे. पत्र आलं ना, की गेलेच बघ मी."

पत्र आलं, मित्रांनो! त्या दिवशी उंडगीचा पाय सुजला होता म्हणून मला सुट्टी होती आणि मी खुंटीवरच होतो. आत्या दूध घालायला गेलेली. पोस्टमनने पाकीट दूधवाल्याच्या हातात दिलं. तो ते फोडून वाचत गोठ्यात आला, दाराकडे बघितलं, मला बाजूला सारलं आणि पाकीट भिंतीच्या फटीत खोचलं. मग मला पुन्हा त्यावर ओढून घेतलं. दारात त्याची मुलगी उभी होती, ते त्याने पाहिलं नाही.

पुढे रोज संध्याकाळी आत्या मला त्याच खुंटीला टांगायची. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर तिचं पत्र होतं. "आज पण नाही आलं गं," असं ती उंडगीला सांगायची आणि मी ते पाठीखाली दाबून गप्प. मला तोंड असतं तर ओरडून गोठा डोक्यावर घेतला असता. पण लोढण्याला नुसतं वजन असतं.

एके संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आत्या, त्या पाकिटावरचं तिकीट मला देशील? मी जमवते ना."

"कुठलं पाकीट गं?"

"ते, खुंटीमागचं. बाबांनी ठेवलेलं."

आत्याने पत्र उभ्याउभ्याच वाचलं. हजर व्हायची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. दूधवाला किटल्या घेऊन आत आला, तेव्हा तिने ते नुसतं पुढे धरलं.

"दादा, हे काय?"

"अगं, परक्या गावात एकटी बाई. तुझ्या भल्यासाठीच ठेवलं ते."

"मी तर तुझ्या गळ्यातलं लोढणं ना? मग जाऊ का नाही दिलंस?"

"बोलायची एक पद्धत असते बाई. तू गेलीस तर हे गोठ्याचं कोण बघणार? तुझी वहिनी?"

वहिनी दारापर्यंत आली आणि तशीच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या पहिल्या गाडीने गेली. संध्याकाळी मला सोडायला कुणी आलं नाही. उंडगी माझ्यावरच बसली आणि तिच्या गुडघ्याची सालटी निघाली. दिवेलागणीला आत्या परत आली. मला सोडता सोडता तिने उंडगीला सांगितलं, "आठ दिवस वाट पाहिली म्हणे त्यांनी. मग दुसरी ठेवली." एवढं बोलून ती तेल आणायला उठली.

आता शेवटचं सांगतो. मुलीला शाळेत शब्द आला होता : लोढणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. अख्ख्या वर्गात खरं लोढणं पाहिलेली ती एकटीच! तिने अर्थ लिहिला, 'गाईला पळता येऊ नये म्हणून गळ्यात बांधलेला ओंडका.' आणि वाक्य लिहिलं, 'बाबा हे आत्याच्या गळ्यातले लोढणे आहे.' बाईंनी अर्थाला बरोबरची खूण केली आणि वाक्यावर लाल फुली मारली. खाली लिहिलं, 'उलट लिहिले आहे. दुरुस्त करून दहा वेळा लिहिणे. पालकांची सही आणणे.' बाईंकडे दूध याच घरचं जातं. घरात लोढणं कोण, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगी वही घेऊन गोठ्यात आली. आत्याने वाचली. मग तिचा अभ्यास नेहमी घेते तसा घ्यायला बसली.

"लिही. आत्या ही बाबांच्या गळ्यातले लोढणे आहे."

"पण आत्या, हे खोटं आहे!"

"बाईंनी सांगितलंय ना? लिही. 'ळ्या' नीट काढ."

सातव्या ओळीला मुलगी रडायला लागली आणि शाई पसरली. आत्याने फुंकर घालून कागद वाळवला आणि उरलेल्या तीन ओळी लिहून घेतल्या. मग दूधवाल्याने उंडगीच्या पाठीवर वही टेकवून सही केली. "हां, आता कसं बरोबर आलं," असं म्हणून त्याने पोरीच्या डोक्यावर टपली मारली. आत्या मागे दोन्ही हातांत भरलेल्या किटल्या घेऊन उभी होती.

मित्रांनो, तुम्हालाही कधी हा शब्द येईल. वाक्य लिहिण्याआधी एवढंच बघा, की सोललेल्या नडग्या कुणाच्या आहेत. दया माझ्यावर करू नका. मला चुलीत घातलंत तरी मी हूं का चूं करणार नाही. पण तुमच्या घरात संध्याकाळी कुणी दुसऱ्याची दोरी सोडत असेल, तर एकदा तिच्या गळ्याला हात लावून बघा.